वेंगुर्ले : समुद्राआधी कचरा डेपो

वेंगुर्ल्याला जाऊन आधी कचरा डेपो बघितला, हे सांगितल्यावर सासुरवाडीत सगळे गप्प झाले. मग सासूबाईंनी विचारलं, "आणि समुद्र?" समुद्रही बघितला. पण पुन्हा जायची वेळ आली तर क्रम हाच ठेवीन.

मार्चअखेरीस गेलो होतो. रेल्वेनं कुडाळला उतरून पुढे एसटी. सावंतवाडीला उतरलात तरी चालतं, पण दोन्हीकडे स्टेशन आणि गाव यांत अंतर आहे, तेव्हा रात्रीच्या गाडीनं पोहोचू नका.

वस्ती जेमतेम बारा हजारांची, नगरपरिषद मात्र १८७६ची. त्याच्याही आधी, सतराव्या शतकात, गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला डचांनी इथे वखार घातली. तिच्या भिंती अजून उभ्या आहेत, पण आत झाडोरा इतका आहे की पायात चपला असतील तर बाहेरूनच बघा. गाबीत, भंडारी, वाणी, ब्राह्मण, ख्रिश्चन, मुसलमान अशी सगळी वस्ती. मासळी बाजारात ती सगळी एकाच वेळी भेटते. बाजाराला इथेही क्रॉफर्ड मार्केटच म्हणतात.

बांगडे घेतले आणि सवयीनं हात पुढे केला. मासेवालीनं वर बघितलं. "पिशवी हाडलास काय? प्लास्टिकची हय गावाची नाय." मग शेजारच्या दुकानातून कापडी पिशवी विकत घेतली. घरूनच न्या.

प्लास्टिकची पिशवी का मिळत नाही, त्याचं मूळ कचरा डेपोत आहे. नगरपरिषदेत रीतसर विचारून गेलो. न विचारता फाटकाशी उभं राहिल्यास काम करणाऱ्यांची पंचाईत होते. आत शिरताना नाकाला रुमाल लावला होता, तो पाच मिनिटांत खिशात गेला. कचरा घराघरांतूनच वेगळा होऊन येतो, इथे त्याची आणखी बारीक वर्गवारी होते : काच, चपला, चिंध्या, बाटल्या, दुधाच्या पिशव्या. ओल्या कचऱ्याचा गॅस, पाल्यापाचोळ्याच्या जळणासाठी कांड्या, प्लास्टिकचा चुरा करून डांबरात. एक बाई दुधाच्या पिशव्या निवडत होत्या. कोपरा पूर्ण न कापलेली, तुकडा लोंबत असलेली पिशवी त्यांनी मला मुद्दाम दाखवली. अशी कापली की तुकडा हरवत नाही, म्हणाल्या. पुण्यात माझ्या घरी तो तुकडा रोज मोरीत जातो.

कारभाराचं मात्र सगळंच असं गुळगुळीत नाही. २०२१ अखेर नगरपरिषदेची मुदत संपली आणि निवडणूक झाली ती थेट २ डिसेंबर २०२५ला. मधली चार वर्षं प्रशासक. मी चहाच्या टपरीवर विषय काढून बघितला. कचऱ्याबद्दल सगळे एका सुरात बोलत होते, नगरसेवकांचं नाव निघाल्यावर टपरीचे दोन तट पडले.

पैसा येतो आंबा, काजू आणि मासळीतून. काजूसाठी फळ संशोधन केंद्र बघाच. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ ही कलमं इथलीच, रत्ना आणि सिंधू हे आंबेही इथले. काजू फोडायचं काम बहुतेक बायकाच करतात. टरफलातला चीक हाताला लागला की कातडी सोलते. कारखान्यात हात दाखवा म्हणू नका, मी म्हटलं आणि ओशाळलो. अख्खा गर महाग, पाकळी स्वस्त, भाजीत घालायची तर पाकळीच घ्या. बोंडू, म्हणजे काजूबीच्या वरचं रसाळ फळ, मात्र झाडाखाली कुजताना दिसतात. हाकेच्या अंतरावर गोव्यात त्यांचीच फेणी होते, आणि त्यावर बोलायला इथल्या प्रत्येक बागायतदाराला अर्धा तास लागतो.

आता माझी चूक. मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात, वल्हीही स्वतःच मारतात. मी अकराला हजर. समोर चिखल.

"अष्टमीक भर दुपारी कोण येता? सांजेक सहाक पाणी भरतला, तेवा येवा."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते : अष्टमी म्हणजे आठचे सहा, पौर्णिमेला पंधराचे सव्वाअकरा. हा हिशोब आजोबा सांगायचे, मी विसरलो होतो. पंचांग बघून दिवस ठरवा आणि आदल्या दिवशी फोन करा. संध्याकाळी होडीत बसलो. मुळांना चिकटलेली कालवं दाखवताना वल्हं मारणाऱ्या मावशींनी ती कशी फोडतात तेही हातवारे करून सांगितलं. त्या सगळ्या गडबडीत होडी एकदा झुडपात घुसली.

हाताशी एक दिवस जास्त असेल तर शिरोड्याच्या रस्त्यावर आरवलीला उतरा. वेतोबाला वाहिलेल्या भल्यामोठ्या चपला बघितल्यावर देव रात्री गावभर फिरतो यावर विश्वास बसतो. पुढे शिरोड्याची मिठागरं, १९३०च्या सत्याग्रहाची. जून-जुलैत मासेमारी बंद असते, मासे खायला जाणाऱ्यांनी ते दोन महिने टाळावेत.

परतीच्या एसटीत कंडक्टरनं पिशवीकडे बघून विचारलं, "काजी?" हो म्हटलं. "कितीक दिले?" भाव सांगितला. त्यानं तिकीट फाडलं आणि मागच्या बाईकडे वळून हसला, तेव्हा कळलं, जास्त दिले होते.