हिंगणघाट ते झिरो माइल

साडेसहाची एस.टी. म्हणजे सातला निघणारी एस.टी. जानेवारीतली झोंबरी थंडी, हिंगणघाटचा स्टँड आणि आम्ही सात जण: मी आणि माझे एम.एस्सी. गणिताचे सहा विद्यार्थी, चार पोरी अन् दोन पोरं. नागपूरच्या एका महाविद्यालयात उपयोजित गणितावर दिवसभराची व्याख्यानं होती, शेवटी करिअर मार्गदर्शन. आमच्याकडून परवानगी मिळाली, प्रवासखर्च मिळाला नाही. पोरींना एस.टी.त अर्धं तिकीट, तेवढाच दिलासा.

मी तासिका तत्त्वावर शिकवतो, म्हणजे सी.एच.बी.वर. प्राध्यापकीची राज्य पात्रता परीक्षा, सेट, पास होऊन नऊ वर्षं झाली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ते निघणारच आहे.

बस लागली तशी मी पोरांना विचारलं, "आपल्या गावात विल्यम लॅम्बटनची कबर आहे, माहीत आहे का?" कोणालाच नव्हतं. एकाने विचारलं, "थो कोण, सर?"

मग वाटेतलं जाम गाव येईपर्यंत लॅम्बटनच चालला. १८०२ साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी त्याने साखळीने एक रेषा मोजली, साडेसात मैलांच्या आसपास. तिथून पुढे अख्खा देश मोजायचा तर प्रत्येक अंतर साखळीने कोण मोजणार? एक बाजू माहीत असली की दोन कोन मोजायचे, त्रिकोणमितीतल्या साइन रूलने उरलेल्या बाजू काढायच्या, त्यातली एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया. कोन मोजायचं अर्ध्या टनाचं यंत्र, थिओडोलाइट, माणसांच्या खांद्यावर आणि देवळांच्या गोपुरांवर चढवत हा माणूस वीस वर्षं उत्तरेकडे सरकत राहिला. १८२३च्या जानेवारीत हैदराबादहून नागपूरला निघाला आणि वाटेत हिंगणघाटला वारला. नागपूर बघायचं राहून गेलं. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलं, आणि शिखराला नाव त्याचं लागलं.

"म्हणजे आपण त्याचा राह्यलेला प्रवास करून राह्यलो," मागच्या सीटवरून एक पोरगी म्हणाली. तिचे वडील जिनिंगमध्ये हमाली करतात. वर्गात ती फारशी बोलत नाही.

बुटीबोरी मागे पडली, वर्धा रोड सुरू झाला. छत्रपती चौकात उतरलो. इथे खाली रस्ता, वर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो, एकाच खांबावर. या डबलडेकर पुलाची लांबी ३.१४ किलोमीटर आहे आणि २०२२ साली त्याची गिनीज बुकात नोंद झाली. गणितवाल्यांना याहून मोठं स्वागत कोणतं? एकाने लगेच विचारलं, पुढचे अंक का नाही बांधले. मी म्हटलं, निधी संपला असेल.

मेट्रोने झिरो माइलला गेलो. आधी नाश्ता. पोह्यांवर तर्री ओतून देतात, वर शेव, कांदा आणि सांबार. (पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांनो, सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीचा काही संबंध नाही.) तर्रीने एकाच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्याने परत मागितली.

झिरो माइलचा स्तंभ, चार घोडे आणि बाजूचा जी.टी.एस.चा, म्हणजे लॅम्बटनने सुरू केलेल्या त्या त्रिकोणांच्या मोजणीचा दगड पोरं पहिल्यांदाच बघत होती. स्तंभावर गावोगावची अंतरं मैलांत कोरलेली आहेत, त्यात हैदराबादही आहे, ३१८ मैल. दगडावर समुद्रसपाटीपासूनची उंची आहे: १०२०.१७१ फूट. तिथे आमचा अर्धा तास गेला. फुटाचा हजारावा भाग म्हणजे ०.३ मिलिमीटर! समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, मग हा तिसरा दशांश कुठून आला, त्यावर विश्वास ठेवायचा की नाही? न्यूमरिकल अ‍ॅनालिसिसच्या पेपरात एरर प्रोपगेशनचं, म्हणजे मोजणीतली चूक पुढे कशी वाढत जाते त्याचं सूत्र सगळ्यांनी लिहिलेलं होतं. आज पहिल्यांदा कोणीतरी त्यावरून भांडलं.

आणि हा देशाचा मध्यबिंदू का? लोक म्हणतात तसं. आताच्या नकाशाचा मध्य मध्यप्रदेशात, कटनी जिल्ह्यातल्या करौंदीला दाखवतात. पण मध्य म्हणजे नेमकं काय, सेंट्रॉइड (आकाराचा गुरुत्वमध्य) की आणखी काही, हे ठरवल्याशिवाय वाद घालण्यात अर्थ नाही. पोरांनी तरी घातला.

पहिलं व्याख्यान साथीच्या रोगांच्या मॉडेलवर होतं. चांगलं होतं, पण कोविडनंतर एस.आय.आर. (लागण होऊ शकणारे, झालेले आणि बरे झालेले यांचं मॉडेल) सगळ्यांच्या कानावरून गेलेलं आहे. मला नवीन वाटलं ते एवढंच: हे मॉडेल मांडणाऱ्या करमॅक आणि मॅकेन्ड्रिक यांच्या १९२७च्या निबंधात समीकरणाशेजारी जो आलेख आहे, तो मुंबईतल्या १९०५-०६च्या प्लेगच्या मृत्यूंचा. करमॅक तरुणपणीच प्रयोगशाळेतल्या अपघातात आंधळा झाला होता, हेही तिथेच कळलं.

दुसरं व्याख्यान मात्र लक्षात राहील. वक्त्या मॅडमनी फळ्यावर, पी.पी.टी.वर नाही, नाग नदी काढली. शहरातून वाहत जाऊन पुढे कन्हानला मिळणारी एक वाकडी रेघ. त्यात एका ठिकाणी नाला सोडला. म्हणाल्या, पाण्यातल्या ऑक्सिजनची सगळ्यात वाईट अवस्था कुठे असेल? सगळ्यांनी नाल्याच्या तोंडाशी बोट दाखवलं. मीपण, मनातल्या मनात.

चूक. घाणीतले जीवाणू ऑक्सिजन खात जातात, त्याचा वेग उरलेल्या घाणीच्या प्रमाणात. वरून हवेतला ऑक्सिजन पाण्यात मिसळत जातो, त्याचा वेग पाण्यात जितकी तूट आहे तिच्या प्रमाणात. सुरुवातीला खाणारे जास्त म्हणून तूट वाढत जाते, घाण कमी झाली की भरणारे जिंकतात. म्हणजे तळ लागतो तो नाल्यापाशी नाही, तिथून बरंच पुढे, जिथे काठावरच्या माणसाला नाला दिसतही नाही. स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ साली अमेरिकेतल्या ओहायो नदीसाठी हे समीकरण मांडलं. त्यात उन्हाळा घाला: २० अंशांना लिटरभर पाण्यात जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ४० अंशांना साडेसहाच्या आसपास. नागपूरचा मे महिना आठवून सभागृहात हशा झाला, मग शांतता.

मला वेगळ्याच गोष्टीची लाज वाटत होती. हे समीकरण म्हणजे पहिल्या कोटीचं (फर्स्ट ऑर्डर) रेषीय डिफरन्शियल समीकरण, इंटिग्रेटिंग फॅक्टर नावाच्या ठरावीक रीतीने सुटणारं. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला मी ते नऊ वर्षं शिकवतोय. एकदाही त्यात पाणी वाहिलं नव्हतं.

जेवणानंतर ऑप्टिमायझेशन, म्हणजे कमीत कमी खर्चाचा पर्याय शोधण्याचं गणित. आमची पोरं व्होगेलच्या पद्धतीने मालवाहतुकीचं तीन बाय चारचं कोष्टक डोळे मिटून सोडवतात. खऱ्या वाहतुकीच्या प्रश्नात चलं हजारोंनी असतात, तिथे हाताचं काही चालत नाही, हे ऐकून त्यांची तोंडं पडली. नरेंद्र करमरकरांनी १९८४ साली बेल लॅब्जमध्ये दिलेल्या पद्धतीबद्दल सांगितलं: जुनी सिम्प्लेक्स पद्धत शक्य उत्तरांच्या आकृतीच्या कोपऱ्याकोपऱ्याने कडेकडेने चालते, ही आतून जाते. "करमरकर म्हणजे आपलेच ना?" मागून कोणीतरी पुटपुटलं. डुलक्या थोड्या थांबल्या.

आता करिअर मार्गदर्शन. पहिल्या पाहुण्यांनी पगाराचे आकडे दाखवले, सगळे डेटा सायन्सचे, आणि "पॅशन फॉलो करा" म्हणून बसले. पोरांनी वह्या मिटल्या. मग नदीवाल्या मॅडम परत उठल्या आणि खरं बोलल्या. नेटचं (राष्ट्रीय पात्रता परीक्षेचं) गणित समजून घ्या, म्हणाल्या: २०० गुण, त्यातले ९५ पार्ट सीचे. तिथे ६० पैकी २० प्रश्न सोडवायचे, निगेटिव्ह मार्किंग नाही, पण एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे आले तरच ४.७५ गुण. म्हणून ६० प्रश्नांवर धावू नका, रिअल अ‍ॅनालिसिस आणि लिनियर अल्जेब्रा एवढं पक्कं करा. जे.आर.एफ. (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये आणि घरभाडं; त्यात पीएच.डी. सन्मानाने करता येते. नुसतं नेट-सेट झालं तर सहायक प्राध्यापकाची पात्रता मिळते. पात्रता, जागा नाही, हे शब्द त्यांनी दोनदा म्हटले. माझ्याकडे बघून नव्हे, पण मला तसं वाटलं.

आणखी वाटा सांगितल्या. गेट ही प्रवेशपरीक्षा देऊन आय.आय.टी.त, एन.बी.एच.एम.ची (राष्ट्रीय उच्च गणित मंडळाची) शिष्यवृत्ती, पुण्याच्या आय.आय.टी.एम. या हवामान संशोधन संस्थेत मान्सूनचं मॉडेलिंग, विम्यातली जोखीम मोजणाऱ्या अ‍ॅक्चुअरीची परीक्षा. पण प्रत्येक वाटेला एक अट जोडली: पायथन यायला पाहिजे. आमच्या अभ्यासक्रमात प्रोग्रामिंग आहे, कागदावर. पोरं प्रोग्राम वहीत लिहितात आणि आउटपुटही वहीतच लिहितात. हसू नका, आउटपुट नेहमी बरोबर असतं.

परतताना मेट्रोत त्या जिनिंगमधल्या हमालाच्या पोरीने विचारलंच. "सर, तुम्ही काहून नाही केली जे.आर.एफ.?"

मी सांगितलं ते खरं सांगितलं. दोनदा दिली, पार्ट सीत सगळे ६० प्रश्न थोडे थोडे चाखले, दोन्ही वेळा थोडक्यात राहिली. मग सेट झाली, तासिका मिळाल्या, लग्न झालं. ती म्हणाली, "म्हंजे आज सांगितलं थेच चुकलं." मी हो म्हटलं. याहून वेगळं काय म्हणणार?

संत्र्याच्या बर्फीचे दोन डबे घेतले, एक घरी, एक स्टाफरूमला. एस.टी.त सगळे झोपले. रात्री साडेदहाला स्टँडवर उतरताना ठरलं की सकाळी सातला कबरीवर जायचं.

सकाळी सहापैकी तिघं आली. कबरीपाशी त्या पोरीने मोबाइलवर अक्षांश-रेखांश घेतले, झिरो माइलचे काल लिहून ठेवले होते. तिथेच बसून वहीत मांडलं. अक्षांशाचा फरक ०.६ अंश, एका अंशाला १११ किलोमीटर. रेखांशाचा पाव अंशाला जरा कमी, तिथे कोसाइनने गुणायचं, हे तिचं तिनेच आठवलं. मग पायथागोरस. उत्तर आलं सुमारे ७१ किलोमीटर.

"इतकंच राह्यलं होतं त्याचं?" ती म्हणाली.

मला निघायचं होतं. आठचा तास होता, बी.एस्सी. दुसरं वर्ष, इंटिग्रेटिंग फॅक्टर. जाता जाता ऑफिसातून रंगीत खडू मागून घेतले, नदी काढायला निळा आणि नाल्यासाठी दुसरा कुठलाही.