काकूची हाक मातमाताहून, पुतण्याचं उत्तर नेफ्ताहून : ट्युनिशियात ‘स्टार वॉर्स’ शोधताना

१९७७ च्या पहिल्या ‘स्टार वॉर्स’मध्ये एक अगदी साधा प्रसंग आहे. काकू घराच्या खोल चौकातून हाक मारते, नायक ल्यूक वर काठावर येऊन खाली वाकतो आणि उत्तर देतो. पडद्यावर काही सेकंदांचं काम. जमिनीवर मात्र काकूचा चौक मातमाताला आहे आणि ल्यूकचा काठ नेफ्ताजवळच्या खारट मैदानात. मधला रस्ता दोनशे किलोमीटरहून जास्त.

साहसपटांवर, त्यातही दूरच्या ग्रहांवर घडणाऱ्या चित्रपटांवर ज्यांचं प्रेम आहे, त्यांनी दक्षिण ट्युनिशिया एकदा पाहावा असं मी मनापासून सांगेन. फक्त चित्रपटाच्या क्रमाने फिरायला जाऊ नका, नाहीतर त्याच रस्त्यावर तीनदा ये-जा होते. आमचा क्रम होता तोझर, नेफ्ता, शोत अल जेरिद (शोत म्हणजे तेच खारट मैदान), मातमाता, तातावीन आणि शेवटी जेर्बा बेट. प्रवासाचे दिवस धरून आठवडा हाताशी ठेवा.

ट्युनिस ते तोझर साधारण साडेचारशे किलोमीटर. त्यासाठी ‘लुआज’ म्हणजे आपली वडाप. आठ प्रवासी भरले की निघते, वेळापत्रक नाही. लांब पल्ल्याच्या गाडीवर लाल पट्टा असतो, विभागातल्या विभागात फिरणारीवर निळा. सकाळी लवकर तळावर पोचलात तर गाडी पटकन भरते, दुपारनंतर बसून राहावं लागतं. वाळवंटातल्या जागांसाठी तोझरहून चालकासह फोर बाय फोर घ्यावी, आणि गाडीत बसण्याआधी कुठल्या कुठल्या जागा, किती तास, किती पैसे हे कागदावर लिहून घ्यावं. ट्युनिशियन दिनार देशाबाहेर नेता येत नाही, त्यामुळे पैसे बदलल्याची पावती जपून ठेवा, उरलेले परत बदलताना ती लागते. सीमा जवळ असल्याने रस्त्यात तपासणी नाकी आहेत, पासपोर्ट खिशातच असू द्या. ड्रोन मात्र घरीच ठेवा, परवान्याशिवाय चालत नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबर हा सगळ्यात चांगला काळ. ऊन सोसवतं आणि तोझरच्या बागांत खजुराची तोडणीही चालू असते. तिथला ‘देगलेत नूर’ खजूर उजेडात धरला की आतली बी दिसते.

तोझरच्या वायव्येला ओंग जमेल. नावाचा अर्थ उंटाची मान, आणि खडक खरंच तसा आहे. त्याच्या पलीकडे मॉस एस्पा हे गाव. याच मालिकेतल्या १९९९ च्या ‘द फँटम मेनेस’साठी ते वाळूत उभं केलं आणि चित्रीकरणानंतर तिथेच सोडलं. समोरून घुमट, कमानी, मनोरे. मागे गेलात की लाकडी सांगाडा, तारेची जाळी आणि तिच्यावर थापलेलं प्लॅस्टर. मला ही मागची बाजूच जास्त आवडते, कारण सेट कसा बांधतात हे तिथे उघडं पडलेलं दिसतं. प्लॅस्टरला तडा गेला की आत ओल शिरते, जाळी गंजते, फुगते आणि पापुद्रा निखळतो. कुठल्याही भिंतीला टेकू नका, छतावर तर चढूच नका.

या गावाला खरा धोका आहे तो वाळूच्या टेकडीचा. तिथल्या टेकड्या चंद्रकोरीच्या आकाराच्या, शास्त्रज्ञ त्यांना बार्खान म्हणतात. वाऱ्याकडची बाजू सौम्य चढाची, पाठीमागची जवळपास ३३ अंशांत कोसळणारी. वारा चढावरून कण लोटत माथ्यापर्यंत नेतो, ते पलीकडे घसरतात आणि अख्खी टेकडी पुढे सरकते. टेकडी जितकी लहान तितकी वेगाने धावते, कारण हलवायची वाळूच कमी असते. मॉस एस्पाजवळची टेकडी वर्षाला सुमारे १५ मीटर सरकत असल्याचं उपग्रहाच्या चित्रांवरून मोजलं गेलं होतं. यंत्रांनी वाळू उपसता येते, वारा थांबवता येत नाही. त्यामुळे जुने फोटो पाहून ठरवलेली चौकट तिथे तशीच मिळेल याची खात्री धरू नका. मऊ वाळूत शिरण्याआधी चालक टायरमधली हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवतो. टायर पसरतो, वजन वाटलं जातं आणि गाडी रुतत नाही. डांबरीवर परतल्यावर ती हवा पुन्हा भरली की नाही हे विचारा, कारण कमी हवेवर वेगात पळवलेला टायर तापून फुटतो.

तोझरच्या पूर्वेला सिदी बूहलेलची घळ. तोंडाशी पांढरा दर्गा, आत पिवळसर खडकांची चिंचोळी वाट. आरटू-डीटू या छोट्या यंत्रमानवाला जावा, म्हणजे भंगार गोळा करणारे बुटके, पकडतात ते इथेच. आणि १९८१ च्या ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’मध्ये इंडियाना जोन्स बझुका खांद्यावर घेऊन उभा राहतो तेही याच घळीत. दोन वेगळी विश्वं, खडक तोच. दुपारी उजेड सपाट पडतो आणि खडकांचे पदर दिसेनासे होतात. सकाळी लवकर जा. पायात जाड तळाचे बूट हवेत, कडेची माती भुसभुशीत आहे.

आता ल्यूकचं घर. नेफ्ताहून अल्जीरियाच्या दिशेने जाऊन डावीकडे शोतच्या सपाटीत वळावं लागतं. चहूकडे काहीही नाही आणि मधोमध एक पांढरा घुमट. २२ मार्च १९७६ ला चित्रीकरणाची सुरुवात या शोतवरच झाली आणि पाठोपाठ आलेल्या वादळी पावसाने सेटची नासधूस केली. पुढच्या चित्रपटांसाठी घुमट पुन्हा उभारला, तो पडायला आल्यावर जगभरच्या चाहत्यांनी वर्गणी काढून २०१२ मध्ये दुरुस्त केला. आकाराने लहान आहे, दोन-चार माणसं कशीबशी मावतील. खाली तळघर वगैरे काही नाही.

इथे घुमटापेक्षा पायाखालची जमीन जास्त वेळ देऊन पाहा. गुडघ्यावर बसलं की मिठाचे बहुकोनी तुकडे दिसतात, प्रत्येकाच्या कडा उचललेल्या, पापड उन्हात वाळताना उचलतात तशा. भूजल पृष्ठभागाच्या अगदी जवळ आहे. ते वर ओढलं जातं, उन्हाने उडून जातं, मीठ मागे राहतं. वरचा थर कडक, त्याखाली ओला गाळ. गाडी फसते ती यामुळेच: थर एकदा फुटला की चाकं गाळात जातात आणि जितका ॲक्सिलरेटर दाबाल तितकी खोल. उतरून टाच जोरात आपटा. ठसा कोरडा राहिला तर ठीक, कडेने काळपट ओल आली तर गाडी तिथेच ठेवून चालत जा. चाकोरी सोडून नवी वाट काढू नका. पाऊस पडून गेला असेल तर बेतच पुढे ढकला.

तोझर ते केबिली रस्ता शोतच्या अंगावरून बांधावर टाकला आहे. दोन्ही बाजूंना मीठ, आणि तापलेल्या हवेमुळे क्षितिजावर पाणी असल्याचा भास सतत होत राहतो.

मातमाताला पोचल्यावर गाव दिसत नाही, कारण घरं जमिनीत आहेत. मऊ मातीत आधी सहा-सात मीटर खोल गोल खड्डा, मग त्याच्या भिंतींतून आडव्या कोरलेल्या खोल्या, आणि बाहेरून चौकात उतरणारा बोगदा. जाड मातीमुळे उन्हाळ्यात आत थंड, हिवाळ्यात ऊबदार. मराठवाड्यातल्या धाब्याच्या घरात जो राहिला आहे त्याला हा गारवा लगेच कळेल. शत्रू एकच, पाणी. १९६० च्या दशकाच्या अखेरीस सलग पाऊस पडला, भिंती ढासळल्या आणि बरीच कुटुंबं सरकारने वसवलेल्या नव्या मातमातात गेली.

हॉटेल सिदी ड्रिस म्हणजे असे पाच खड्डे, चारांत झोपायच्या खोल्या, पाचव्यात जेवणघर. हाच काकूचा चौक. दारांभोवतीच्या यंत्रवजा चौकटी नंतरच्या चित्रीकरणातल्या आहेत, पण जेवणाच्या कोनाड्याच्या छतावरची नक्षी पाहिली की पहिला चित्रपट डोळ्यांसमोर उभा राहतो. भर दिवसा बसगाड्या भरून पर्यटक येतात. तिथेच मुक्काम करा, सकाळी चौक तुमचा एकट्याचा असतो. स्वच्छतागृह सामायिक आहे आणि खोल्या साध्या आहेत, तेवढी मनाची तयारी ठेवा. इतर खड्ड्यांत आजही माणसं राहतात, काठावर उभं राहून खाली डोकावत फोटो काढू नका, आधी विचारा.

तातावीनचं नाव ल्यूकच्या ग्रहाला मिळालं, पण खुद्द तातावीन शहरात चित्रीकरण झालेलं नाही. ‘द फँटम मेनेस’मधल्या गुलामांच्या वस्तीसाठी वापरला तो कसर हदादा. कसर म्हणजे धान्याचं सामायिक कोठार. आपल्याकडे पेव जमिनीखाली, इथे कोठ्या एकावर एक रचलेल्या, वर पोती ओढायला भिंतीतून बाहेर आलेले लाकडी सोट. हदादा पाहाच, पण वेळ एकाच कसरसाठी असेल तर मी औलाद सोलतान निवडेन. चार मजली कोठ्या, दोन चौक. अशा वास्तूवरूनच तो ग्रह सुचला असणार हे पाहताक्षणी पटतं.

शेवटी जोर्फहून छोटी फेरी पकडून जेर्बा बेटावर अजीमला उतरलो. पहिल्या चित्रपटातल्या कँटीनाची, म्हणजे दारूच्या गुत्त्याची, बाहेरची भिंत याच गावात आहे, आता पडझड झालेली. आतलं सगळं इंग्लंडच्या स्टुडिओत झालं, त्यामुळे आत शिरून काही मिळत नाही. तिथून किनाऱ्याने उत्तरेला ल्यूकचा म्हातारा गुरू ओबी-वान याचं घर, एक छोटी पांढरी घुमटी. चित्रपटात ती निर्जल वाळवंटात आहे, प्रत्यक्षात काही पावलांवर भूमध्य समुद्र. चित्रपटातली चौकट हवी असेल तर पाण्याकडे पाठ करून उभं राहा आणि कॅमेरा जमिनीच्या दिशेला धरा.