पडद्याचा झगा आणि कापूस वेचलेले हात

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले होते. अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव, भर दुपार, अंगणातल्या निंबाखाली बांधलेला झोका उन्हाने तापलेला. माय ओल्या फरशीवर पडून होती. तिला म्हटलं, एक सिनेमा दाखवते, चार तासांचा आहे, मधे झोप लागली तर झोप. पेन ड्राइव्हवर नेलेला ‘गॉन विथ द विंड’ टीव्हीवर लावला. मायला इंग्रजी येत नाही. मी शेजारी बसून सांगत होते.

हा सिनेमा मी किती वेळा पाहिला ते मोजलेलं नाही. मार्गारेट मिचेलची कादंबरी त्याच्याही आधी वाचली होती. जळगावला कॉलेजात असताना एका दिवाळीच्या सुटीत हजार पानं डिक्शनरी मांडीवर घेऊन संपवली. कादंबरी १९३६ची, तिला १९३७चं पुलित्झर मिळालं, सिनेमा १९३९चा. मिचेलबाईंच्या हयातीत त्यांची ही एकच कादंबरी छापली गेली. इतकं मोठं पुस्तक पडद्यावर आणताना बरंच कापावं लागलं. पुस्तकातल्या नायिकेला, स्कार्लेटला, तीन मुलं आहेत, सिनेमात फक्त बॉनी. वेड नावाचा पहिला मुलगा, आईला बिचकून असणारा, तो मला सिनेमात फार आठवतो. तो असता तर स्कार्लेट किती कठोर होत गेली हे आणखी कळलं असतं.

पण स्कार्लेट झालेली व्हिव्हियन ली पडद्यावर आली की ही तक्रार मागे पडते. तिचा जन्म दार्जिलिंगचा, हे सांगितल्यावर मायला ती एकदम जवळची वाटायला लागली. स्कार्लेटचा जीव जडलेल्या ॲश्लीबद्दल मायचं मत पहिल्या अर्ध्या तासातच झालं: हा हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही, पोरीला नुसती टांगून ठेवतो. मला हे समजायला दोन वेळा पुस्तक वाचावं लागलं होतं. रेट बटलर आल्यावर ती काही बोलली नाही, फक्त नीट बघायला लागली. रेट झालेला क्लार्क गेबल जिन्याच्या खाली उभा राहून वर बघतो, त्या एका नजरेत पुढचे चार तास आहेत असं मला नेहमी वाटतं.

अटलांटाची आग, रेल्वेच्या रुळांवर पडलेले जखमी सैनिक, हळूहळू वर वर जाणारा कॅमेरा आणि शेवटी फाटका झेंडा, हे सगळं भव्य आहेच. ती आग तर शूटिंगच्या अगदी सुरुवातीला, डिसेंबर १९३८मध्ये, स्टुडिओतले जुने सेट जाळून घेतली होती. पण ह्या सिनेमातलं प्रेम मला आगीत दिसत नाही. ते तुरुंगातल्या प्रसंगात दिसतं.

अमेरिकेच्या यादवी युद्धात स्कार्लेटची बाजू, म्हणजे दक्षिण, हरलेली आहे. टारा, म्हणजे स्कार्लेटचं शेतघर, त्याच्यावर तीनशे डॉलरचा कर बसलाय. घरात पैसा नाही, अंगावर धड कपडा नाही. ती खिडकीचे हिरवे मखमली पडदे उतरवते, त्यांचा झगा शिवून घेते आणि कराचे पैसे मिळवायला कैदेतल्या रेटकडे जाते. आमचं छान चाललंय, असं हसत हसत सांगते. तो हरखतो, तिचे हात हातात घेतो, तळवा वर करतो आणि थांबतो. हे काय झालं हाताला? ती म्हणते, हातमोजे न घालता घोड्यावर बसले होते. त्याला लगेच कळतं की हे हात शेतात राबलेत.

माय उठून बसली.

“तिना हात देख व माय. कापूस येचेल शेतस.”

मी तोवर तिला कापसाबद्दल काही सांगितलं नव्हतं.

मग तिने जे सांगितलं ते मला आजवर माहीत नव्हतं. वडील दुखण्याने अंथरुणाला खिळले होते त्या वर्षीची गोष्ट. मजुरीला द्यायला पैसे नव्हते. पऱ्हाटी फुटून पांढरी झालेली. माय एकटी पहाटे ओटी बांधून शेतात जायची. उघडलेल्या बोंडाची टोकं वाळून काट्यासारखी होतात, कापूस ओढताना नखाच्या कडेची कातडी सोलतात. हिवाळ्यात त्या चिरा भरून येत नाहीत. त्याच दिवसांत मामाचं लग्न होतं. माहेरी काही कळू नये म्हणून ती दोन दिवस हात पदराखाली घेऊन वावरली. पण लग्नघरी कासार आला. बांगड्या भरायच्या तर हात त्याच्या हातात द्यावाच लागतो. त्याने बोटं दाबली आणि मायच्या तोंडून हाय निघाली. हे काय, ताई? विहिरीचा दोर ओढून झालं, ती म्हणाली. कासार म्हणाला, दोराचे वण तळहाताला पडतात, हे नखापाशी आहेत. मग तो आणखी काही बोलला नाही. तेल लावून, एकेक करून, डझनभर हिरव्या बांगड्या त्याने भरल्या.

मी सिनेमा थांबवला होता. स्कार्लेटचा तळवा पडद्यावर तसाच.

पुढे सुरू केल्यावर मी तिला सांगितलं की ही लढाई चालू होती तेव्हा, १८६१ ते १८६५, तिथल्या बंदरांना वेढा पडला होता. इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, म्हणून त्यांनी हिंदुस्थानातून उचलला. रेल्वे नुकतीच आपल्याकडे पोचलेली. जळगाव कापसाची मोठी पेठ झाली ती ह्याच दिवसांत. लढाई संपली आणि भाव कोसळले. टारामध्ये स्कार्लेट जमिनीतून मुळा उपटून खात होती, तेव्हा आमच्या खापरपणजोबांच्या काळ्या मातीतला कापूस समुद्रापार जात असेल. मायने हे ऐकून घेतलं आणि विचारलं,

“आन् लढाईना पहिले कापूस कोन येचे?”

गुलाम वेचायचे. इतके वेळा सिनेमा पाहून ह्या प्रश्नापाशी मी नीट थांबले नव्हते. सिनेमात ते मालकाच्या घरी सुखात असल्यासारखे दाखवलेत. ते खोटं आहे आणि पुस्तकात तर जास्तच आहे. मला ते सलतं. स्कार्लेटच्या घरची गुलाम दाई मॅमी झालेल्या हॅटी मॅकडॅनियल ह्या ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत. पण अटलांटातल्या पहिल्या खेळाला वर्णभेदाच्या कायद्यांमुळे त्यांना जाता आलं नाही आणि ऑस्करच्या रात्रीही त्यांना वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. स्कार्लेटच्या हातांवर कॅमेरा थांबतो. मॅमीच्या हातांवर तो थांबायला हवा होता. माय बराच वेळ गप्प होती. मग सातपुड्यातून वेचणीला येणाऱ्या पावरा आदिवासी बायांची आठवण तिने काढली. त्यांचे हात मी कधी बघितले नाहीत, म्हणाली.

सिनेमा संपला तेव्हा ओट्यावर आवाज यायला लागले होते. आखाजीला सालदाराचं साल संपतं, भाऊ नव्या सालाचं ठरवत बसला होता. रेट धुक्यात निघून गेला होता, मी नेहमीसारखी रडले होते. मायने मला तुरुंगातला प्रसंग पुन्हा लावायला सांगितला. तो तिने चष्मा पुसून, टीव्हीच्या अगदी जवळ बसून बघितला. मग म्हणाली,

“पडदा तं काढी लिया. मंग खिडकीले काय लायं तिनी?”