मागच्या चाकाचा बाण

स्मरणिकेचं पत्र आलं आणि शाळेबद्दल लिहायला बसलो. दोन पानं झाल्यावर लक्षात आलं, शाळा बाजूलाच राहिली, सगळं फिजिक्सच्या सरांवरच लिहून झालंय. तेच पाठवतोय. संपादकांनी गोड मानून घ्यावं.

अकरावी. घर्षण गतीच्या विरुद्ध दिशेला असतं, हे आम्हाला पाठ. सरांनी फळ्यावर सायकल काढली आणि मला चाकांखाली घर्षणाचे बाण काढायला सांगितलं. मी दोन्ही ठिकाणी ऐटीत मागे जाणारे बाण ओढले. सर बोलले काहीच नाहीत. हातातला खडू तसाच घेऊन वर्गाबाहेर पडले. आम्ही मागोमाग.

लांब उडीच्या खड्ड्यात माझीच सायकल आणवली. "बस. मार पेडल जोरात." मागचं चाक जागच्या जागी गरगरलं आणि वाळू उडाली ती थेट मागे उभ्या असलेल्या हुशार मुलांच्या अंगावर.

"चाकानं वाळूला कुठे ढकललं?"

"मागे, सर."

"मग जमीन चाकाला कुठे ढकलेल?"

पुढे! म्हणजे सायकल पुढे नेतं ते घर्षणच. पुढच्या चाकाला मात्र कुणी पेडल मारत नाही, ते सांगाड्याबरोबर लोटलं जातं. त्याचा तळ पुढे घसरू बघतो, म्हणून तिथला बाण मागे, आणि लहानसा. "सायकल कुठे चाललीय ते विचारू नकोस," सर म्हणाले, "तळ कुठे घसरू बघतोय ते विचार." न घसरता फिरणाऱ्या चाकाचा टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो आणि माथ्यावरचा सायकलच्या दुप्पट वेगानं धावतो, हे पटायला मला आणखी आठवडा लागला.

आज मी गाड्यांच्या ब्रेकवर काम करतो. चाक पूर्ण अडकलं की फक्त गतिक, म्हणजे घसरतानाचं, घर्षण उरतं. ते कमी पडतं, शिवाय स्टिअरिंग ऐकेनासं होतं. एबीएस ही ब्रेकमधली यंत्रणा चाकाला अडकू देत नाही ते यासाठीच. गंमत म्हणजे कोरड्या रस्त्यावर टायरची सर्वाधिक पकड साधारण १० ते २० टक्के घसर असताना, म्हणजे ब्रेक लागलेलं चाक गाडीच्या वेगाच्या मानानं तेवढं हळू फिरत असताना, मिळते. सरांचा स्थिर बिंदू इथे जरासा सरकतो! हे त्यांना सांगायला हवं होतं.

उडीच्या खड्ड्यावर आता पेव्हर ब्लॉक बसवलेत म्हणे. त्यावर वाळू कशी उडणार?

नोकरीच्या मुलाखतीला आलेल्या मुलांना मी सायकलच काढून देतो. बहुतेक जण दोन्ही बाण मागे ओढतात. परवा एका मुलीनं पुढचा-मागचा अचूक काढला, तोही न थबकता. कुठल्या शाळेची, ते विचारायचं राहिलंच.