काकाकुवा सिक्लिडचा दोन फुटी टँक : जानेवारी ते मे

२० जानेवारी

साताऱ्यात शाहूनगरच्या घरात, पुढच्या खोलीत टँक बसवला. काच २४ × १२ × १२ इंच, खाली थर्माकोलची शीट. काठोकाठ भरला तर ५६ लिटर. वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर खरं पाणी ४५ लिटरच्या आसपास.

ठेवायचे आहेत ॲपिस्टोग्रामा काकाट्युऑइडिस. पेरूकडच्या उथळ, पालापाचोळ्याने भरलेल्या ओढ्यांतला, सिक्लिड कुळातला छोटा मासा. नर साधारण आठ सेंटिमीटर, मादी पाच. नराने पाठीवरच्या पराचे पुढचे काटे उभारले, की काकाकुव्याचा तुरा दिसतो. १९५१ साली मिळालेलं हे नाव त्यावरूनच आलं. बाजारात येणारी चिलापी याच कुळातली. पण ती खड्ड्यातल्या पाण्यातही जगते, आणि याला पाणी मनासारखं लागतं. त्यातल्या त्यात काकाकुवा हा ॲपिस्टोंमधला सोशिक, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

२३ जानेवारी

आमच्या बोअरचं पाणी मोजलं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ४८०. साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरा थर बसतो, त्यामुळे आकडा बघून नवल वाटलं नाही. काळ्या पाषाणात पाणी वर्षानुवर्षं मुरतं आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम उचलून घेतं.

मग आत्याकडे मंगळवार पेठेत गेलो. तिच्या नळाला कास तलावाचं पाणी येतं. तिथं मीटर बुडवला तर ६०! कासचं पठार जांभ्याचं. मुसळधार पावसाने त्यातला चुना कधीच धुऊन गेलेला आहे. तिथलं पाणी उताराने यवतेश्वरमार्गे शहरात येतं. ज्या मऊ पाण्यासाठी लोक आरओ मशीन घेतात, ते आपल्या गावात नळाला येतंय, हे कळल्यावर मला रात्री झोप लागली नाही. आत्या म्हणाली, "सकाळी सातच्या आत येत जा रे, मग पाणी जातं. आणि कॅन धुतलेले आण."

तीन भाग कासचं आणि एक भाग बोअरचं मिसळलं, टीडीएस १६५. नुसतं कासचं भरायचा मोह झाला होता, पण तेवढ्या मऊ पाण्यात पीएच धरून ठेवायला काहीच नसतं. तो एकदम घसरला तर मासेही जातात आणि फिल्टरमधले जिवाणूही मंदावतात. नळाचं पाणी चोवीस तास उघड्या ड्रममध्ये ठेवतो, क्लोरीन उडून जातो. कोरेगावच्या मित्राने त्याच्या चालत्या टँकमधला फिल्टरचा जुना स्पंज दिला, त्यावर सायकल सुरू केली, म्हणजे घाणीतला विषारी अमोनिया आणि त्यापासून होणारा नायट्राइट पचवणारे जिवाणू वाढवायला घेतले.

५ फेब्रुवारी

आज चांगलाच धडा मिळाला, म्हणून सविस्तर लिहितो.

टँकमध्ये मासा नाही, तरी टीडीएस १६५ वरून २४० वर गेला आणि पीएच ७.९. आधी वाटलं, पाणी उडून दाट झालं असेल. पण कमी झालेलं पाणी मी कासच्याच पाण्याने भरत होतो, त्यामुळे तो हिशोब जुळेना. मीटर आत्याच्या पाण्यात पुन्हा तपासला, बरोबर होता. शेवटी वाळूवर संशय आला. ही नदीची वाळू, गल्लीत चाललेल्या बांधकामावरून मागून आणलेली, चाळून आणि दहा पाण्यांनी धुतलेली. दिसायला इतकी सुंदर, की तपासायचं मनातही आलं नाही.

मूठभर वाळू वाटीत घेऊन त्यावर व्हिनेगर ओतलं. काळे कण शांत राहिले, पण मधल्या पांढुरक्या कणांवर बुडबुडे फुटायला लागले. भिंगातून पाहिलं तर शिंपल्यांचे चुरे आणि चुनखडीचे बारीक खडे. आपल्याकडच्या काळ्या रानात नांगराला लागतात तेच. बोअरच्या पाण्यात हा चुना फारसा विरघळला नसता. मऊ पाणी मात्र त्याला ओढूनच घेतं. पाण्यासाठी एवढी धडपड केली आणि तेच पाणी तळातून जड होत होतं.

सगळी वाळू काढली. स्पंज बादलीत हवेवर चालू ठेवला, चिमूटभर खाद्य टाकत राहिलो म्हणजे जिवाणू उपाशी मरणार नाहीत. फिल्टरसाठी मिळते ती बारीक सिलिका वाळू बारा किलो आणली. ती आधी व्हिनेगरने तपासली. वाळू बारीकच हवी, कारण हे मासे ती तोंडात घेऊन कल्ल्यांतून सोडतात.

वाळू घेताना दहा रुपयांचं व्हिनेगर सोबत न्या, एवढं कळकळीने सांगतो.

१८ फेब्रुवारी

गुहा झाल्या. माळ्यावर संक्रांतीची न वापरलेली तीन सुगडं होती, रंग न दिलेली. दोन दिवस पाण्यात भिजवली, मग ओलीच धरून गोल कानशीने बाजूला अडीच सेंटिमीटरचं भोक पाडलं. कोरडं घासलं तर तडकतं, एक सुगड त्यात गेलं. दोन पालथी वाळूत बसवली. तिसरी गुहा नारळाच्या करवंटीची, उकळून घेतलेली. मादी गुहेच्या छताला अंडी चिकटवते, म्हणून दार लहान हवं. नर आत मावला नाही तरी चालतं.

बदामाची लाल होऊन गळलेली पानं शाळेच्या मैदानातून गोळा करून वाळवली. पाण्याला फिक्या चहाचा रंग आलाय. जावा फर्न, मॉस आणि वर तरंगती वनस्पती. झाडं मित्रांकडूनच घेतली. कासच्या परिसरातून काहीही उचलायचं नाही, हे माझ्यापुरतं ठरलेलं आहे.

१४ मार्च

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, सलग आठ दिवस. पुण्याहून एक नर, तीन माद्या आणि थव्याने राहणारे आठ छोटे मासे, एम्बर टेट्रा, आणले. खंबाटकी उतरेपर्यंत थर्माकोलचा डबा मांडीवरच होता. दुकानातल्या पाण्याचा टीडीएस ३४०, म्हणून बारीक नळीने थेंब थेंब करत दोन तास पाणी बदललं. टेट्रा वर निवांत फिरायला लागल्यावरच सिक्लिड पानांखालून बाहेर आले. वरती शांतता आहे, हे त्यांना टेट्रांकडून कळतं.

१९ एप्रिल

तीनपैकी एक 'मादी' नर निघाली. लहान नर मादीसारखा फिका राहून मोठ्या नराचा मार चुकवतो, हे वाचलं होतं, आता पाहिलं. त्याला कोरेगावला पाठवलं.

दुपारी पाणी ३१ अंशांवर. झाकण काढून जाळी लावली, छोटा पंखा पाण्यावरून वाहता ठेवला. २७ वर आलं. पिल्लांच्या सुरुवातीच्या आठवड्यांत पाणी फार गरम राहिलं तर नरच जास्त निपजतात, त्यामुळे पंखा हलवणार नाही.

४ मे

डाव्या सुगडातली मादी हळदीसारखी पिवळी झालीय, डोळ्यावरून काळी रेघ. तिच्या दुप्पट नराला ती टँकच्या दुसऱ्या टोकाला हाकलते. आत काही दिसत नाही, पण ती दारातून तोंड काढते आणि परत आत जाते. मी सुगडाला हात लावलेला नाही.

१३ मे

बाहेर आली! ढग हलावा तशी पिल्लं वाळूवरून सरकतात. आई अंग झटकते तशी सगळी खाली बसून दिसेनाशी होतात. मी तासभर जमिनीवर बसून पाहत होतो. आई-बाबांनाही बोलावलं.

खाद्याला ताजे ब्राइन श्रिम्प, म्हणजे खाऱ्या पाण्यातले अगदी बारीक कोळंबीसारखे जीव. लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम मीठ, तळातून हवा, साधारण चोवीस तासांत अंडी फुटतात. गोड्या पाण्यात धुऊन ड्रॉपरने पिल्लांच्या जवळ सोडतो. पोटं केशरी दिसली की जेवली.

२४ मे

काल वळवाने झोडपलं, लाईट पाच तास नव्हती. बॅटरीवरच्या पंपाने स्पंज चालू राहिला. आज मोजली तर २६ पिल्लं, आधी चाळीसच्या आसपास असावीत. काही टेट्रांनी टिपली असणार. पुढच्या वेळी टेट्रा आधी हलवीन.

आता रोज दोन लिटर पाणी बदलतो, तयार मिश्रणानेच. पाऊस लागला की सुरुवातीचे दिवस नळाला गढूळ पाणी येतं, म्हणून आत्याकडून दोन फेऱ्यांत ८० लिटर आणून ड्रममध्ये ठेवलंय. तिने पिल्लं बघायला रविवारी यायचं कबूल केलंय.