पौर्णिमेची प्रदक्षिणा आणि छापील वेळापत्रक

यंदाच्या चैत्री पौर्णिमेला हरिहरेश्वर येथे मी तीसेक माणसांना जवळजवळ सहा तास बसवून ठेवले. त्यावरून आमच्या कार्यालयात अजूनही धुसफूस चालू आहे, आणि माझ्या मनातही ते प्रकरण मिटलेले नाही. बडोद्याहून कोकण किनाऱ्यावर पायी फिरण्याच्या सहली नेणे हे माझे काम आहे. सहल म्हटली की बस, जेवण आणि खोल्यांच्या किल्ल्या एवढेच लोकांच्या डोळ्यांपुढे येते, आणि ते सगळे असतेच. परंतु किनाऱ्यावरच्या वाटा नेणाऱ्याला त्याहून निराळी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे वाट अस्तित्वात असण्याची वेळ. डोंगरातील वाट सकाळी असते तशीच दुपारी असते. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट देवळामागच्या डोंगराला पायथ्याच्या कातळावरून वळसा घालते, आणि ती दिवसातून दोनदा समुद्र काढून घेतो.

बडोद्यातील पुष्कळ मराठी घरांचे कुलदैवत कोकणात आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात नोकरीच्या आणि विद्येच्या निमित्ताने माणसे इकडे आली आणि इथलीच झाली. खुद्द रियासतकार सरदेसाई रत्नागिरी जिल्ह्यातील गोविलचे, आणि त्यांची सारी नोकरी बडोदे दरबारात झाली. अशा घरांतील तिसरी-चौथी पिढी आता निवृत्त होऊन मूळ गाव शोधू लागली आहे, आणि आमच्या सहलींना येणारे बहुतेक लोक तेच. ‘हरिहरेश्वर ते हर्णै’ हा आमचा चार दिवसांचा कार्यक्रम त्यांच्यासाठीच आखलेला आहे. पहिल्या दिवशी हरिहरेश्वरचे दर्शन आणि प्रदक्षिणा, बागमांडल्याहून जंगल जेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने, सावित्रीची खाडी ओलांडून वेशवी, आणि मुक्काम वेळासला. दुसऱ्या दिवशी इंग्रजांनी ज्याला फोर्ट व्हिक्टोरिया असे नाव दिले होते तो बाणकोटचा हिंमतगड. मग केळशीची वाळूची टेकडी, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, आणि शेवटी हर्णैच्या बंदरातून समोर पाण्यात उभा असलेला सुवर्णदुर्ग. यापेक्षा चांगली किनारी पायवाट मी तरी सुचवू शकणार नाही. श्रीवर्धनच्या भटांचे, म्हणजे पुढे पेशवे झालेल्या घराण्याचे, कुलदैवत पाहून निघावे आणि दुसऱ्या सकाळी नाना फडणविसांच्या मूळ गावी जागे व्हावे, असा योग दुसऱ्या कोणत्या वाटेवर येतो?

हा कार्यक्रम कागदावर उतरवतात ते कार्यालयातील गृहस्थ मात्र किनाऱ्यावर कधी गेलेले नाहीत. रेल्वेचे आरक्षण आणि हिशेब यांत त्यांचा हात धरणारा कोणी नाही, पण त्यांच्या लेखी समुद्र हे ठिकाण आहे, त्याला स्वतःचे वेळापत्रक असते हे त्यांना पटत नाही. छापील पत्रकात ‘११ ते १२ प्रदक्षिणा’ असे लिहिले होते, आणि तारीख होती पौर्णिमेची. छपाईला जाण्यापूर्वीच मी हरकत घेतली होती. पौर्णिमेला नावे पटापट नोंदली जातात, असे उत्तर मला मिळाले.

ती हरकत कशासाठी होती हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. कोकणातील कोळी तिथीवरून भरतीची वेळ काढतात: तिथीची पाऊणपट करावी, येईल तो भरतीचा तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. प्रत्यक्षात थोडे पुढेमागे, पण पौर्णिमा आणि अमावास्या या दोन्ही दिवशी पूर्ण भरती येते ती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास. शिवाय या दोन तिथींना चंद्र आणि सूर्य यांचे आकर्षण एकाच रेषेत येत असल्यामुळे ती भरती उधाणाची असते. म्हणजे भाविक ज्या दिवशी सर्वाधिक संख्येने येतात, आणि रात्रभर प्रवास करून ज्या वेळी पोहोचतात, नेमक्या त्याच वेळी प्रदक्षिणेची वाट सर्वाधिक पाण्याखाली असते. यात कोणाचा दोष नाही, पंचांगच तसे आहे. पण आमच्यासारख्यांनी ते डोळे उघडे ठेवून वाचू नये याला काय म्हणावे?

पनवेलला आम्ही पहाटे उतरलो, रखडलेल्या महामार्गाची धूळ खात माणगाव-म्हसळ्यावरून साडेदहाला पोहोचलो, बसमध्ये लिलो चिवडा आणि थेपले संपले होते. रिवाजाप्रमाणे आधी कालभैरवाचे आणि मग हरिहरेश्वराचे दर्शन झाले. त्यानंतर मी सर्वांना सांगितले, की प्रदक्षिणा आता होणार नाही, पावणेपाचला होईल.

पहिला आक्षेप पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी घेतला. त्यांनी मोबाइलवर भरतीची वेळ पाहून ठेवली होती: बारा वाजून दहा मिनिटे. “ताई, प्रदक्षिणेला पाऊण तास पुरतो. अकराला उतरलो तर भरतीच्या आधीच बाहेर पडू.” हिशेब वरवर बिनचूक होता, आणि शिकलेली माणसे नेमकी इथेच फसतात, कारण पाणी तासातासाला सारखे चढत नाही. सहा तासांच्या चढतीचे बारा हिस्से केले तर पहिल्या तासात एक हिस्सा चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि शेवटच्या तासात पुन्हा एक. बारा-दहाची भरती असेल तर अकरा-दहाला बारापैकी अकरा हिस्से पाणी आलेले असते. ‘भरतीच्या आधी’ या शब्दांना तिथे काही अर्थ उरत नाही. काकांनी हे मान्य केले, कारण ते अभियंते होते. पण वरून पाहता वाट मोकळी दिसते आहे, हा त्यांचा दुसरा मुद्दा होता. वरून तशी ती दिसतेच. लाटा सारख्या उंचीच्या येत नाहीत, कितीतरी लहान लाटांनंतर दोन-तीन मोठ्या लाटा एकापाठोपाठ येतात, आणि त्यांच्या मधल्या शांततेत माणूस खाली उतरतो. हरिहरेश्वरच्या या कातळावरून माणसे ओढली गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत, त्या अशाच.

बडोदेकरांना हे समजावणे खरे तर सोपे असायला हवे. आपल्यापासून दोन तासांवर कावी-कंबोईचा स्तंभेश्वर महादेव आहे, तो रोज भरतीत बुडतो आणि ओहोटीत उघडा होतो. खंभातच्या आखाताइतकी भरती-ओहोटीची तफावत भारतात दुसरीकडे नाही. तिथे हेच लोक ओहोटीची वेळ विचारून घरून निघतात. मी हे उदाहरण दिले तेव्हा एक बाई म्हणाल्या, की तिथे देवच बुडतो, इथे तर देऊळ वर आहे. यावर मला काही सुचले नाही.

खरी अडचण दुसरीच होती. वेळासला सायंकाळी सहाच्या सुमारास ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये तेथे घरट्यांचे संरक्षण सुरू केले, आणि आता गावातील घराघरांत त्या निमित्ताने पाहुण्यांची सोय होते. आमच्यातील निम्मे लोक केवळ त्यासाठी आले होते, नातवंडांना चित्रफीत पाठवण्याचे कबूल करून आले होते. पावणेपाचला प्रदक्षिणा म्हणजे कासवे हुकणार हे उघड होते. गटाचे दोन भाग करावेत, असा प्रस्ताव आला. परंतु कार्यालय खर्च वाचवण्यासाठी एकच सहलप्रमुख पाठवते, आणि सरासरी पासष्ट वयाच्या माणसांना कातळावर किंवा जेटीवर एकटे सोडणे मला मान्य नव्हते. मी फोन केला. “तुम्हाला योग्य वाटेल ते करा, फक्त तक्रार येऊ देऊ नका,” असे सांगण्यात आले. निर्णय घ्यायचा प्रमुखाने आणि त्याचा परिणाम मात्र ठरलेला हवा कार्यालयाला, ही आमच्या व्यवसायातील जुनी रीत आहे.

प्रदक्षिणा रद्दच करून सगळ्यांना वेळासला नेणे हा तिसरा मार्ग होता, आणि तो मी एका काकूंमुळे टाळला. त्या बडोद्याच्या दांडिया बाजारातून आलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या. हरिहरेश्वर त्यांच्या सासरचे कुलदैवत, आणि लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांचे इथे येणे झालेच नव्हते. प्रदक्षिणा झाल्याशिवाय त्या अन्न घेणार नव्हत्या. मी त्यांना निदान कोकम सरबत तरी घ्या म्हणाले. त्यांनी ते घेतले, आणि कालभैरवाच्या मंडपात भिंतीला टेकून बसल्या. बाकीचे जे बोलत होते त्यांपैकी एक अक्षरही त्या बोलल्या नाहीत, आणि त्यामुळेच त्यांच्याकडे पाहून निर्णय घेणे योग्य होते की नाही, हा प्रश्न मला नंतर पडला.

साडेअकराच्या सुमारास पुण्याकडील कॉलेजची काही मुले सूचनाफलकाला वळसा घालून खाली उतरली. बाराच्या आत ती परतली, गुडघ्यापर्यंत भिजलेली, हसत, मोबाइल उंच धरून. आमच्या मंडळींनी त्यांना थांबवून विचारले, आणि “काही नाही हो, मजा आली” हे उत्तर तीसही जणांनी ऐकले. त्या क्षणापासून माझे बारा हिस्से कोणी ऐकेना.

पावणेपाचला आम्ही देवळामागच्या चढावरून वर गेलो आणि कातळाच्या अरुंद खिंडीतील पायऱ्यांनी खाली उतरलो. चामडी वहाणा आणि गुळगुळीत तळाचे सँडल मी वरच काढायला लावते, दोरीचे किंवा खाचांच्या रबरी तळाचे बूट नसतील तर अनवाणी बरे; मात्र जिथे कातळ पांढुरक्या, टोकदार कवचांनी भरलेला असतो तिथे अनवाणी पाय ठेवायचा नाही आणि हिरव्या शेवाळावर तर कोणीच ठेवायचा नाही. डोंगर उजव्या हाताला ठेवून चालायचे. खारे पाणी दगडाच्या छिद्रांत शिरते, वाळते, मिठाचे स्फटिक फुगून कण सुटे करतात, आणि असे युगानुयुगे होऊन तिथल्या कड्याला मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडली आहे. एवढी कोरीव भिंत मी कोणत्या लेण्यातही पाहिलेली नाही. डबक्यांत बोटभर मासे अडकलेले होते. दूर कडेला गावातल्या बायका कोयतीने कालवे काढत बसल्या होत्या, आणि माझे खरे घड्याळ त्या आहेत: त्या टोपल्या उचलून वर निघाल्या की मीही माणसे वळवते, मोबाइल काहीही म्हणो. काकू माझा हात धरून, एकदाही न थांबता, पण प्रत्येक पाऊल तपासून चालल्या. पुढे वळणावर सावित्रीचे मुख आणि पलीकडे बाणकोटचा किनारा दिसला, तेव्हा कासववाल्यांपैकीही कोणी बोलले नाही.

खिंडीच्या तळाशी, जिथून वाट सुरू होते तिथे, कातळावर ओल माझ्या खांद्यापर्यंत होती आणि भेगांतून अजून पाणी ठिबकत होते. मी ती अभियंता काकांना दाखवली. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “पाणी इथवर उभे होते, की लाटेचा फवारा उडाला होता, हे यावरून ठरत नाही.” ते खरे आहे. उभे पाणी असेल तर ती मुले तिथून गेली कशी? फवारा असेल तर मी सहा तास कशासाठी घालवले? मुलांनी वरच्या कपारीने वाट काढली असेल, किंवा त्यांना दोन मोठ्या लाटांमधली उसंत मिळाली असेल. ज्याला परत फिरवले त्याचे काय झाले असते, याचा पुरावा कधीच मिळत नाही; गेलेला सुखरूप परतला, याचा पुरावा मात्र चित्रफितीसह मिळतो.

वेळासला पोहोचायला रात्र झाली. त्या संध्याकाळी पिल्ले सोडली गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सगळे किनाऱ्यावर हजर होते, पण रात्रीतून एकही घरटे फुटले नव्हते. वाळूत अंडी पन्नासेक दिवस उबतात आणि पिल्ले कोणत्या रात्री वर येतील हे कोणी सांगू शकत नाही, हे पत्रकात बारीक अक्षरांत छापलेले होते. परतल्यावर अकरा जणांच्या सह्यांची तक्रार आली, आणि त्यांना काही रक्कम परत द्यावी लागली. काकूंची सही त्यात नव्हती. अभियंता काकांची होती.

कार्यालयाने आता पत्रकात ‘प्रदक्षिणा समुद्राच्या स्थितीनुसार’ असा बदल सुचवला आहे, तारीख मात्र पुन्हा पौर्णिमेचीच. माझे म्हणणे असे, की वद्य अष्टमीला जावे. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे ओहोटी दुपारी बाराला. छापलेली अकरा ते बाराची वेळ आपोआप बरोबर ठरते आणि सायंकाळ कासवांना मोकळी राहते. शिवाय वद्य अष्टमी म्हणजे कालाष्टमी, कालभैरवाचा दिवस, आणि हरिहरेश्वरी पहिले दर्शन त्याचेच असते, तेव्हा भाविकांना ती तिथी पटायला हरकत नसावी. “अष्टमीला कोण येतो?” एवढाच प्रश्न कार्यालयाने विचारला आहे. माझी शंका निराळी आहे. अष्टमीची भरती भांगाची, तिला जोर कमी, पण तिची ओहोटीही पौर्णिमेइतकी खोल जात नाही, त्यामुळे वाट किती रुंद उघडते हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय फाल्गुनातील सहलीसाठी मी शब्द देणार नाही. कार्तिक वद्य अष्टमीला मी रजा टाकली आहे. खिंडीच्या तळाशी खडूने खूण करून साडेदहा ते दीड पाणी मोजायचे असे ठरवले आहे. अभियंता काकांना हे कळल्यावर त्यांनी फोन करून सोबत येण्याची तयारी दाखवली, आणि मोजपट्टी आपण आणू म्हणाले.