आमची वाटचाल : चुऱ्याचा धंदा

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे. दुधाच्या पिशव्या आणि टॉवेल-चादरींची वेष्टने धुऊन, वाळवून त्यांचा चुरा करायचा आणि तो हॉटमिक्स प्लँटला, म्हणजे रस्त्यासाठी तापलेली खडी आणि डांबर मिसळणाऱ्या कारखान्याला, पुरवायचा, हा आमचा धंदा. तिथे तो चुरा तापलेल्या खडीवर टाकतात, त्याचा खडीवर लेप बसतो आणि मग डांबर मिसळतात. डांबरी रस्त्यात टाकाऊ प्लॅस्टिक वापरण्याबाबत इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेची मार्गदर्शिका २०१३ मध्ये निघाली, २०१५ मध्ये केंद्रीय रस्ते मंत्रालयाने त्या वापराचा आग्रह धरला आणि आमच्या चुऱ्याला गिऱ्हाईक मिळू लागले.

मागणीपाठोपाठ दुसरा पुरवठादारही आला. त्याचा दर आमच्यापेक्षा कमी असे, कारण धुणे आणि वाळवणे ही दोन्ही कामे त्याने वगळली होती, शिवाय त्याच्या पोत्यांत पीव्हीसी या रस्त्याला न चालणाऱ्या प्लॅस्टिकचे तुकडे सर्रास निघत. ओला चुरा तापलेल्या खडीवर पडला की वाफ धरतो आणि लेप बसत नाही. पीव्हीसी तापले की आम्लाचा वायू सोडते, तो वेगळाच. त्याच्या मालाच्या रस्त्याची खडी पहिल्याच पावसाळ्यात सुटली आणि बोल मात्र सगळ्या प्लॅस्टिकला लागला. आमची बिले अडकली, गोदाम तुंबले, बँकेने मशिनवर बोट ठेवले.

त्या काळात पाठीशी उभे राहिले ते मंगळवेढ्याकडचे एक ठेकेदार, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांनी सुमारे १६५ अंशांच्या खडीवर आमचा चुरा, डांबराच्या वजनाच्या ८ टक्के, टाकायला लावला, मग डांबर मिसळले आणि ती खडी २४ तास पाण्यात बुडवून ठेवली. दुसऱ्या दिवशी एकेक खडा बोटांनी चोळून पाहत ते म्हणाले, “मालक, डांबर सुटत नाही. गाडी भरा.” आगाऊ रक्कमही त्यांनीच दिली.

नव्याने या धंद्यात येणाऱ्यांनी चुरा करणाऱ्या मशिनच्या पात्यांवर पैसे वाचवू नयेत. न धुतलेल्या पिशवीतली वाळू धार खाते, आणि बोथट पाते पातळ पिशवी कापण्याऐवजी ओढून तिचे धागे करते, जे हॉटमिक्स प्लँटच्या ड्रममध्ये गोळा होऊन बसतात. माल घेणाऱ्यांनीही मूठभर चुरा साबणाच्या पाण्यात ढवळून पाहावा. पिशवीचे प्लॅस्टिक तरंगते, पीव्हीसी तळ गाठते. एवढी तसदी तेव्हा कोणी घेतली असती, तर आमची दोन वर्षे वाया गेली नसती.

तो पुरवठादार आता दुसऱ्याच धंद्यात असल्याचे ऐकतो. त्या वेळी अडकलेले आमचे एक बिल मात्र अजून निघालेले नाही.